लोखंडावर नाव कोणाचे?



आपल्या स्वयंपाकघरातली एखादी जुनी कळशी, परात किंवा स्टीलचा डबा उलटा करून पाहा. बुडाशी नाहीतर काठाजवळ बारीक टिंबाटिंबांनी काढलेले नाव दिसेल. कुठे सासऱ्याचे नाव, गाव आणि साल. कुठे 'मामांकडून सप्रेम भेट'. कुठे घरातल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ वाटलेला तांब्या. भांड्यावर नाव घालण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. लग्नकार्यात दहा घरची पातेली एका चुलाणावर चढतात आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याच्याकडे बिनबोभाट परत जातात, ती या नावाच्याच जोरावर.

आता जरा घराबाहेर या. विहिरीवरची मोटर, कडबाकुट्टी, फवारणी पंप, रोटाव्हेटर, ट्रॉली यांच्याकडे पाहा. यांतल्या किती वस्तूंवर तुमचे नाव आहे? पन्नास रुपयांच्या वाटीवर आपण हौसेने नाव घालतो आणि हजारो रुपयांची मोटर बिननावाची विहिरीत सोडतो. कृषी विस्तार अधिकारी म्हणून तीस वर्षे बांधोबांध हिंडताना ही गोष्ट मी घरोघर पाहिली आहे. म्हणून आज पीकपाण्याऐवजी लोखंडावरच्या नावाविषयी चार शब्द लिहितो.

सन २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात पाण्यातल्या मोटरी चोरीला जाण्याचा सपाटा लागला होता. पुढे चोर सापडले आणि पंधरा-सोळा मोटरी पोलीस ठाण्याच्या आवारात येऊन पडल्या. ओळख पटवायला शेतकरी गेले, त्यांच्याबरोबर मीही गेलो. बघतो तो सगळ्या मोटरी सारख्याच. तीच लांबी, तोच रंग, तोच गाळ. एक जण छातीवर हात ठेवून म्हणाला, "ही माझीच, हवालदारसाहेब. हिचा आवाज मी झोपेतही ओळखीन." हवालदार म्हणाले, "दादा, आवाज पंचनाम्यात कसा लिहू?" मंडळी हसली, पण त्या हसण्यात रडू होते. त्या वर्षीचा ऊस वाळत चालला होता.

त्या गर्दीत एक म्हातारी होती. तिच्या मालकाने हयातीत पंपाच्या जाड कडीवर छिन्नीने तीन अक्षरे आणि गट क्रमांक ठोकून ठेवला होता. तिने चष्मा काढला नाही की वाकून पाहिले नाही. एकेका पंपाच्या कडीवरून बोट फिरवत गेली आणि एका ठिकाणी थांबली. "ही घ्या आमची." हवालदारांनी गाळ पुसला, अक्षरे निघाली, नोंद झाली. पुढे न्यायालयाच्या आदेशाने पंप तिच्या घरी गेला. आणखी तीन-चार जणांचे बिल होते आणि बिलावर मोटरीचा क्रमांक होता, त्यांचेही काम झाले. बाकीच्यांपैकी कोणाचे बिल हरवलेले, कोणाच्या बिलावर क्रमांकच लिहिलेला नाही, कोणाच्या मोटरीची पाटी गुंडाळणी भरायला दिली तेव्हाच गळून पडलेली. त्यांना हात हलवत परत यावे लागले. मोटर समोर आहे, आपली आहे, पण सिद्ध करता येत नाही. यापेक्षा कष्टी करणारी गोष्ट कोणती?

त्यानंतर मी लोखंडावर टिकणाऱ्या खुणांची चौकशी करू लागलो. आमच्या गावच्या लोहारमामांचा मुलगा जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेसर यंत्रावर काम करतो. सन २०२३ मध्ये मामा आणि मी, दोघेही ते यंत्र पाहायला गेलो.

यंत्राचे मेज दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यावर पोलादाचा अखंड पत्रा पसरलेला. वर एक मुंडके मागे-पुढे, डावी-उजवीकडे धावते. त्याच्या टोकाला तांब्याची छोटी तोटी. तोटीतून प्रकाश आणि वायू दोन्ही खाली येतात. प्रकाशाचा झोत दिसेल म्हणून आम्ही डोळे लावून बसलो होतो, पण तो दिसत नाही. दिसतात त्या वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्या. मुलाने संगणकावर अवजाराच्या पट्टीचा आराखडा उघडला. मुंडके आधी पत्र्यावरून भरभर फिरले आणि पट्टीवर नाव व क्रमांक उमटला. मग सावकाश फिरून त्याने पट्टीच्या कडा कापल्या.

"साहेब, आधी नाव, मग काप," तो म्हणाला. "तुकडा सुटला की जाग्यावरनं हलतो, मग अक्षर वाकडं पडतं."

हे घडते कसे, ते सोप्या भाषेत सांगतो. लहानपणी आपण भिंगाखाली ऊन धरून कागद जाळला असेल. ऊन तेच, पण एका ठिपक्यात गोळा झाले की जाळते. लेसरचे तसेच आहे. या यंत्रात केसासारख्या बारीक काचेच्या तंतूत प्रकाश तयार होतो. त्या काचेत यिटर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळलेले असते. तो प्रकाश भिंगाने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या ठिपक्यात आणतात. ३००० वॅटचा झोत म्हणजे सुमारे ४ अश्वशक्ती, म्हणजे तुमच्या विहिरीवरच्या ५ एचपी मोटरीपेक्षाही कमी. पण ती सगळी शक्ती मोहरीच्या दाण्याहून लहान जागेत उतरते, तेव्हा साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळणारे पोलाद क्षणात पातळ होते आणि वायूचा जोर ते खाली उडवून देतो. साध्या लोखंडाला ऑक्सिजन वापरतात, कारण तो जाळायला मदत करतो. स्टेनलेस स्टीलला नायट्रोजन देतात, म्हणजे कडा काळी पडत नाही. नाव घालायचे असेल तेव्हा शक्ती कमी करतात आणि मुंडके वेगाने पळवतात. मग पत्रा आरपार कापला जात नाही, वरवर रेघ उठते.

यात आपल्या मातीचाही एक धागा आहे. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी तयार केला. १९६४ साली तिथल्याच बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेसर शोधला तो चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीत झाला आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी याच जातीच्या लेसरला ऑक्सिजनचा झोत जोडून पोलादी पत्रा कापून दाखवला. पुढे अनेक वर्षे जगभरच्या कारखान्यांत पत्रे कापण्याचे काम मुख्यतः याच वायूच्या लेसरने केले. आता धातूच्या कामात काचतंतूचा लेसर पुढे गेला आहे, कारण त्याचा प्रकाश धातू अधिक चांगला शोषून घेतो. असो.

लोहारमामांनी गार झालेली पट्टी हातात घेतली. "घण नाही, ठोका नाही, पण अक्षर माझ्यापेक्षा सरळ आलं," म्हणाले. मग नखाने अक्षर चाचपले आणि विचारले, "पण पोरा, हे खोल किती?"

आयुष्यभर लोखंड हाताळलेल्या माणसाचा तो प्रश्न होता आणि खरी मेख तिथेच आहे. लेसरची खूण एका प्रकारची नसते. पहिल्या प्रकारात स्टेनलेस स्टील फक्त तापवतात. पृष्ठभागावर काळसर थर येतो, बोटाला काही लागत नाही. दिसायला हे सर्वांत सुबक, पण घासकागद किंवा पॉलिश फिरले की जाते. दुसऱ्या प्रकारात वरचा रंग किंवा मुलामा तेवढा उडवतात. तिसऱ्यात धातूच उडवून खोल कोरतात. त्याला एकाच जागी अनेक फेऱ्या माराव्या लागतात, वेळ लागतो, पण ते बोटाला लागते आणि टिकते. भांडी, पाट्या, हत्यारे यांसाठी बाजारात निराळे छोटे यंत्रही असते. त्यात मुंडके हलत नाही. दोन इवलेसे आरसे झोत फिरवतात, आणि २० ते ५० वॅटमध्ये नाव काही सेकंदांत उमटते. दुकानात गेलात तर नुसते 'नाव घाला' म्हणू नका. 'बोटाला लागेल असे खोल कोरा' असे सांगा आणि दर आधी ठरवा.

आता नाव कुठे घालावे? मातीत घासणाऱ्या भागावर घालू नये. नांगराचा फाळ, कुळवाची पास, रोटाव्हेटरची पाती हे भाग झिजतात आणि बदलले जातात. नाव सांगाड्यावर, जाड पट्टीवर घालावे. स्प्रिंग, धुरा किंवा ताण घेणाऱ्या भागावर खोल कोरू नये, कारण अशा खाचेतून तडा सुरू होऊ शकतो. गॅस सिलिंडर आणि दाबाखालच्या टाक्या यांना हात लावू नये. यंत्र मोठे असेल आणि वाहून नेणे अवघड असेल, तर नाव कोरलेली पोलादी पट्टी करून आणावी व ती सांगाड्याला वेल्डिंगने पक्की बसवावी. स्क्रूने बसवलेली पट्टी चोर दोन मिनिटांत काढतो. ज्यांच्या गावाजवळ लेसर नाही त्यांनी हिरमुसू नये. जाड लोखंडावर अक्षरांचे पंच आणि हातोडा यांचे काम आजही तितकेच पक्के आहे. म्हातारीचा पंप लेसरने परत मिळाला नव्हता, हे विसरू नका.

भांड्यांविषयी माताभगिनींना एक सूचना. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याचा एक अतिशय पातळ थर पत्र्यावर असतो आणि तो पाणी-हवेला आत शिरू देत नाही. लेसरने कोरले की तेवढ्या जागी तो थर दुखावतो. म्हणून नाव भांड्याच्या बाहेरच्या अंगाला घालावे, आत कधीही नाही. मीठ, लोणचे, चिंच लागलेले भांडे धुऊन कोरडे ठेवावे. साध्या लोखंडावर कोरलेल्या नावावर तेलाचे बोट किंवा पातळ वार्निश फिरवावे. जाड रंग देऊ नये, अक्षरे बुजतात.

आणि दुकानात उभे राहाल तेव्हा डोळे सांभाळा. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. चकचकीत पत्र्यावरून परावर्तित झालेला झोतही डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो. वेल्डिंगचा चष्मा यासाठी चालत नाही, त्या त्या लेसरसाठी बनवलेला चष्माच लागतो. उघड्या यंत्राजवळ मुलांना नेऊ नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत जाऊ देऊ नये. ठिबकचे किंवा इतर पीव्हीसी पाइप नाव घालायला मुळीच देऊ नका. पीव्हीसी जळले की त्यातून आम्लाचा विषारी वायू निघतो.

हे सगळे झाले खुणेविषयी. पण त्याहून मोठा प्रश्न आहे तो नावाचा. नाव कोणाचे घालायचे?

आमच्याकडच्या एका महिला बचत गटाने २०२२ मध्ये छोटी डाळमिल घेतली. अकरा जणी, दर महिन्याची बचत आणि बँकेचे कर्ज. गिरणी ठेवायला जागा एकीच्या पडवीत मिळाली. पाटी कोरायला टाकायची वेळ आली तेव्हा त्या घरचे दीर म्हणाले, "जागा आमची, लाइट आमची, आमच्या घरचं नाव घाला." कोणी काही बोलेना. तेव्हा गटातली सर्वांत वयस्क बाई उठली. तिला सहीपुरते लिहिता येते. ती म्हणाली, "भाऊजी, हप्ता भरताना अकरा जणींची नावं होती. मग लोखंडावर एकट्याचं कसं?" एवढे बोलून ती खाली बसली. पाटीवर गटाचे नाव, गाव, साल आणि यंत्राचा क्रमांक कोरला गेला आणि पट्टी सांगाड्याला वेल्डिंग केली.

सन २०२४ मध्ये त्या घरात भावाभावांची वाटणी निघाली. चीजवस्तूंची यादी करताना पडवीतली गिरणीही यादीत आली. गटाच्या बायका बिल आणि बैठकीच्या इतिवृत्ताची वही घेऊन आल्या. पंचांनी पाटीवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि गिरणीवर काट मारली. ना भांडण, ना कोर्टकचेरी. आज ती गिरणी गटाच्या भाड्याच्या खोलीत चालते.

त्या दिवसापासून मी घरोघरी भांड्यांवरची नावे वाचू लागलो. नाव बहुतेक देणाऱ्याचे असते, म्हणजे वडिलांचे, भावाचे, मामाचे, नाहीतर सासऱ्याचे. जी बाई ते भांडे जन्मभर घासते तिचे नाव क्वचित. शेतातही तेच. पहाटे मोटर चालू करायला ती जाते, फवारणीचे पाणी ती भरते, पण सातबाऱ्यावर ती नसते आणि बिलावरही नसते. अनुदानाच्या मोका तपासणीला मी जातो तेव्हा यंत्रावरचा क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि अर्जदाराचे नाव ही तिन्ही जुळतात का, हे पाहावे लागते. ज्या घरी कर्ता पुरुष अचानक जातो, तिथे कागद कुठे, क्रमांक कुठला, यंत्र कोणाचे, हे शोधताना त्या बाईची जी दैना होते, ती मी अनेकदा पाहिली आहे. म्हणून माझा आग्रह असा की, पाटीवर दोघांचीही नावे घाला. दोन नावांना जागा थोडी जास्त लागते, एवढेच.

नुसते नाव कोरले की मालकी सिद्ध झाली, असे मात्र समजू नये. चोराला खोल अक्षरही घासता येते आणि तांब्याच्या तारेसाठी आलेला चोर नाव वाचत बसत नाही. नाव खरे बळकट होते ते कागदाशी जुळल्यावर. वस्तू घेताना दुकानदाराकडून बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. मोटरीच्या पाटीवर आय.एस.आय. चिन्हाबरोबर परवाना क्रमांक असतो. तो 'बी.आय.एस. केअर' या मोबाइलवरील सोयीतून तपासता येतो. दागिन्यांनाही हीच सोय आहे. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक येऊ लागला, तोही लेसरनेच कोरतात. सराफाकडे भिंग मागून तो वाचा आणि बिलाशी ताडा. कोरताना नाव, गाव आणि गट क्रमांक एवढे पुरे. आधार क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक कशावरही कोरू नये. ट्रॅक्टरच्या चासी व इंजिनावरचा मूळ क्रमांक मात्र कोणी घासू, खरवडू किंवा नव्याने ठोकू नये. तो गुन्हा आहे.

यंदा खंडेनवमीला आपण नेहमीप्रमाणे अवजारे धुऊन, हळदकुंकू वाहून पूजा कराल. त्याआधी एक काम करा. घरातल्या शाळकरी मुलाच्या किंवा मुलीच्या हाती वही द्या. प्रत्येक यंत्र उलटेपालटे करून त्यावरचा क्रमांक वाचायला आणि वहीत उतरवायला सांगा. शेजारी घेतल्याचे साल आणि बिल कुठे ठेवले आहे ते लिहा. ज्यावर काहीच खूण नाही ती वस्तू बाजूला काढा आणि पुढच्या बाजाराला जाताना नाव घालायला न्या. ती वही धान्याच्या कणगीत किंवा कुलपाच्या पेटीत, पण घरातल्या बाईला ठाऊक असलेल्या जागी ठेवा.